वाचक विचारतात : पावसाळ्यात समुद्रात गेलेल्या पालापाचोळ्याचे पुढे काय होते?

प्रश्न : आम्ही वर्सोव्याला राहतो. जून-जुलैमध्ये आमच्या किनाऱ्यावर जलपर्णी, पाने, फांद्या आणि क्वचित मोठे ओंडकेसुद्धा येऊन पडतात. पाणी तर नारळी पौर्णिमेपर्यंत तपकिरी असते. दिवाळीच्या सुमारास यातले फारसे काही उरलेले दिसत नाही. माझे सासरे म्हणतात की खाऱ्या पाण्यात काही कुजत नाही, हे सगळे ओहोटीबरोबर खोल समुद्रात जाऊन पडते. हे खरे मानावे का?
— एक वाचक भगिनी, वर्सोवा

उत्तर : मिठामुळे पदार्थ टिकतो हा आपल्या सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही, मात्र समुद्राच्या पाण्याला तो लागू पडत नाही. मासळी खारवताना साधारण चार-पाच किलो मासळीला एक किलो मीठ वापरतात, तेव्हा कुठे मांसातले पाणी ओढले जाऊन जिवाणूंची वाढ थांबते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मीठ असते सुमारे ३५ ग्रॅम, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते त्याहूनही पुष्कळ कमी होते. एवढ्या खारेपणात लक्षावधी वर्षे वाढत आलेले जिवाणू किनाऱ्याजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात दहा लाखांच्या घरात सापडतात. नदीबरोबर आलेल्या गोड्या पाण्यातल्या जिवाणूंपैकी बरेचसे खाऱ्या पाण्यात मरतात हे खरे आहे, परंतु त्यांची जागा समुद्रातले जिवाणू घेतात आणि कुजण्याची क्रिया खंड न पडता चालू राहते.

या क्रियेचा आरंभ समुद्रात होत नाही, वाटेतच होतो. झाडावरून गळलेले पान पाण्यात पडल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यातल्या साखरा, अमिनो आम्ले आणि टॅनिनसारखे विरघळणारे पदार्थ बाहेर पडतात. काही जातींच्या पानांचे पाव हिश्शापर्यंत वजन एवढ्यानेच निघून जाते. हा विरघळलेला भाग जिवाणूंना सहज वापरता येत असल्यामुळे तो तासांत किंवा दिवसांत संपतो. मागे उरतो तो सांगाडा, म्हणजे सेल्युलोज आणि त्याला घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन. जिवाणूला हा सांगाडा जसाच्या तसा आत घेता येत नाही, कारण त्याच्या बाह्य आवरणातल्या छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठा रेणू सहसा शिरत नाही. म्हणून तो विकरे (एन्झाइम) बाहेर सोडतो, मोठ्या रेणूचे बारीक तुकडे करतो आणि मग ते आत घेतो. सारी दिरंगाई होते ती याच टप्प्यावर. शिवाय पानात आणि विशेषतः लाकडात कार्बनच्या मानाने नत्र फारच कमी असते. जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात दर पाच-सहा कार्बन अणूंमागे एक नत्राचा अणू लागतो, तर लाकडात तेच प्रमाण शेकड्यांना एक असे असते. त्यामुळे लाकूड कुजवणारे जिवाणू नत्र बाहेरच्या पाण्यातून ओढून घेतात. मुंबईच्या खाड्यांत सांडपाण्यामुळे नत्राची ददात नसते, ही या बाबतीतली (आणि याच बाबतीतली) सोय म्हणायची.

आपण लिहिलेल्या ओंडक्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. वर्सोव्यातल्या जुन्या नाखव्यांना विचारा, होडीच्या लाकडाला वेळच्या वेळी लेप दिला नाही तर काय होते ते ते सांगतील. लाकूड पोखरणारे ‘शिपवर्म’ नावाचे प्राणी त्यात शिरतात. हे प्राणी दिसायला अळीसारखे असले, तरी ते शिंपल्यांच्या कुळातले आहेत. कवचाच्या दोन छोट्या पात्यांनी ते लाकूड किसत जातात आणि त्यांच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू सेल्युलोज पचवणारी विकरे पुरवतात. यांतले काही जिवाणू पाण्यात विरघळलेल्या वायुरूप नत्राचे स्थिरीकरणही करतात, म्हणजे लाकडातला नत्राचा तुटवडा तिथल्या तिथे भरून निघतो. बाहेरून धड दिसणारा ओंडका आतून असा पोकळ होत जातो आणि लाटांच्या माऱ्याने फुटतो. जमिनीवर लाकडाचा फडशा पाडण्याचे जे काम मुख्यतः बुरशी आणि वाळवी करतात, त्यातला मोठा वाटा उष्ण समुद्रात हे प्राणी उचलतात.

जलपर्णीचे मात्र फारसे गूढ नाही. ती गोड्या पाण्याची वनस्पती आहे. पुराबरोबर खाडीत आल्यावर ती मिठाने मरते, आणि तिच्या देहात पाणीच अधिक व लिग्निन कमी असल्याने ती झाडाच्या फांदीपेक्षा कितीतरी लवकर विरते.

आता पाण्याच्या रंगाविषयी. तपकिरी रंग म्हणजे सेंद्रिय पदार्थ, असे समीकरण मुंबईच्या किनाऱ्यावर मांडता येत नाही. इथे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या जवळ जातो आणि हे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करत तळाचा गाळ ढवळत राहते. म्हणूनच आपला समुद्र मे महिन्यातही निळा नसतो. पावसाळ्यात त्यात लाटांची आणि नद्यांच्या नव्या गाळाची भर पडते. या गाळाबरोबर विरघळलेले ह्यूमिक पदार्थ असतात, म्हणजे माती आणि पाने कुजून तयार झालेले पिवळट-तपकिरी रंगाचे रेणू. गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे, खारेपणा अगदी थोडा वाढताच, या रेणूंतला काही भाग लोहाबरोबर गुठळ्या धरून खाली बसतो. नदीने आणलेले बहुतेक विरघळलेले लोह असे तिथेच गळून पडते, परंतु विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी मात्र थोडाच भाग या वाटेने जातो, बाकीचा पुढे समुद्रात शिरतो. त्याच्यावर पुढे काम करते ते ऊन. ह्यूमिक रेणू आणि विरघळलेले लिग्निन अतिनील किरण भराभर शोषतात आणि त्यामुळेच तुटतात. काहींचा थेट कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, तर काहींचे असे छोटे तुकडे होतात की जिवाणूंना ते लगेच वापरता येतात. जुलैच्या ढगाळ आभाळाखाली, गढूळ पाण्यात हे किरण फार खोल जात नाहीत. पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले आणि नदीचे पाणी समुद्रात पसरून विरळ झाले, की या वाटेला वेग येतो.

सासऱ्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग, म्हणजे हे सारे खोल समुद्रात जाते हा, मुंबईपुरता तरी नकाशाच खोडून काढतो. मुंबईसमोरचा उथळ समुद्र भारताच्या किनाऱ्यावरच्या सर्वांत रुंद पट्ट्यांपैकी आहे, खऱ्या अर्थाने खोल पाणी सुरू व्हायला सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे, तरी तिथे समुद्राची खोली ७५ मीटरच्या आसपासच आहे. म्हणजे दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या नद्यांनी किंवा उल्हास आणि वैतरणा यांनी आणलेला पाचोळा दूर कुठे जाऊन पडत नाही. त्याचा निकाल बहुतांशी याच उथळ पाण्यात लागतो.

जगाच्या पातळीवरही हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळत आला आहे. सगळ्या नद्या मिळून दरवर्षी समुद्रात सुमारे २५ कोटी टन कार्बन विरघळलेल्या सेंद्रिय रूपात आणि आणखी १५ ते २० कोटी टन कणांच्या रूपात ओततात. समुद्रात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा एकूण साठा सुमारे ६६० अब्ज टन आहे. भागाकार केला तर नुसत्या नद्यांच्या विरघळलेल्या पुरवठ्याने हा साठा अडीच-तीन हजार वर्षांत भरावा. शिवाय नदीतला माल आधीच माती आणि वाट अशा दोन ठिकाणी कुजून चिवट झालेला, म्हणजे तो टिकायला हवा. प्रत्यक्षात भर समुद्रातल्या पाण्यात जमिनीवरच्या वनस्पतींची खूण फार थोडी सापडते. १९९७ मध्ये जॉन हेजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पेच थेट मांडला : जमिनीवरून आलेला हा पदार्थ समुद्रात जातो तरी कुठे? त्यानंतरच्या कामातून दिसते ते असे की, ज्याला आपण चिवट म्हणतो तो पदार्थ स्वतःच्या रचनेमुळे जेवढा टिकतो त्याहून अधिक तो ज्या जागी पडला आहे त्या जागेमुळे टिकतो. जागा बदलली, ऊन मिळाले, ऑक्सिजन मिळाला, चिकणमातीच्या ज्या कणाला तो बिलगला होता त्यापासून सुटला, की तो मोडू लागतो.

याची दोन टोकाची उदाहरणे आहेत. ॲमेझॉनच्या मुखाबाहेरचा चिखल लाटा आणि प्रवाह सतत ढवळत राहतात. तो बसतो, उठतो, पुन्हा बसतो, दर वेळी त्याला नवा ऑक्सिजन मिळतो, आणि नदीने आणलेल्या कणरूप सेंद्रिय पदार्थाचा मोठा हिस्सा तिथेच जळून जातो. याउलट गंगा-ब्रह्मपुत्रेचा हिमालयातला गाळ बंगालच्या उपसागरात इतक्या झपाट्याने येऊन थरांवर थर चढवतो की त्यातला कार्बन ऑक्सिजनचा फारसा संपर्क न येता गाडला जातो आणि बराचसा टिकून राहतो. मुंबईचा रोज दोनदा ढवळला जाणारा चिखल स्वभावाने पहिल्या टोकाच्या जवळचा आहे, असे माझे मत आहे. गाळ शांतपणे बसतो अशा आतल्या खाड्या आणि तिवरांच्या मुळांखालची जमीन यांना मात्र ते लागू नाही.

तेव्हा दिवाळीला जे दिसत नाही, त्याचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड आणि क्षार बनून पाण्यात गेलेला असतो, काही चिखलात मिसळलेला असतो आणि काही (हेही नोंदवले पाहिजे) महापालिकेच्या सफाई कामगारांनी किनाऱ्यावरून उचलून नेलेला असतो.

प्रश्न : माहीमच्या खाडीवरून लोकलने जाताना ओहोटीच्या वेळी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. आमच्या गावी तळ्याचा गाळ काढला तरी असा वास येत नाही. हा फरक सांडपाण्यामुळे आहे की खाऱ्या पाण्यामुळे?
— एक वाचक, माटुंगा

उत्तर : दोन्हींमुळे, आणि दोन्हींचे काम वेगवेगळे आहे. सांडपाणी ऑक्सिजन संपवते आणि समुद्राचे पाणी वासाचा कच्चा माल पुरवते.

आधी ऑक्सिजनचा हिशेब पाहू. २८ अंश सेल्सिअसच्या एक लिटर समुद्रजलात हवेतून विरघळून राहू शकणारा ऑक्सिजन जेमतेम ६ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एक ग्रॅम सेंद्रिय कार्बनचे पूर्ण विघटन व्हायला सुमारे २.७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे चिमूटभर कार्बन चारशेहून अधिक लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतो. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापाशी सुरू होऊन जेमतेम १८ किलोमीटरांत माहीमच्या खाडीला मिळते, आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर तिच्यात वाहते ते मुख्यतः सांडपाणीच. त्यातले सेंद्रिय पदार्थ पानांसारखे चिवट नसतात; जिवाणू ते लगोलग वापरतात आणि पाण्यातला ऑक्सिजन हवेतून भरून येण्याच्या वेगापेक्षा जलद संपवतात.

ऑक्सिजन संपला म्हणून विघटन थांबत नाही. जिवाणू आधी नायट्रेट, मग मॅंगनीज आणि लोहाची ऑक्साइडे, आणि ती संपली की सल्फेट वापरतात. तुमच्या गावच्या तळ्यात सल्फेट फार थोडे असते, ते लवकर संपते आणि पुढचे काम मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव करतात. मिथेनला वास नाही. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते आणि प्रत्येक भरती नवे घेऊन येते. सल्फेट वापरले की बाहेर पडतो हायड्रोजन सल्फाइड, ज्याचा वास आपल्या नाकाला अब्जांश प्रमाणातही जाणवतो. चिखलात लोह असेल तर या सल्फाइडचा बराच भाग त्याच्याशी संयोग पावून काळा पदार्थ होतो. आपल्याकडचा गाळ सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे लोहाने समृद्ध अशा बेसॉल्टमधून आलेला आहे, त्यामुळे खाडीचा चिखल वरचा पातळ थर सरकवताच काळाकुट्ट दिसतो. लोहाने बांधून घेतल्यानंतर जो वायू उरतो तो ओहोटीला, वरचे पाणी हटताच, हवेत सुटतो. खाडीकाठच्या घरांत चांदीच्या वस्तू लवकर काळवंडतात, त्यामागेही हाच वायू असतो.

हाच वायू बंद गटारात साठला तर प्राणघातक असतो, आणि प्रमाण वाढल्यावर नाकाला त्याचा वास येईनासा होतो. त्यामुळे वास नाही म्हणून उतरायला हरकत नाही, हा समज अनेक कामगारांच्या जिवावर बेतला आहे. उघड्या खाडीवरून लोकल जाते तेवढ्या वेळात असा धोका नसतो.

प्रदूषणाच्या बातम्यांत ‘बीओडी’ (जैविक ऑक्सिजन मागणी) हा आकडा नेहमी येतो, त्याविषयीही याच संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस करतात आणि तेवढ्या वेळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजतात. म्हणजे तीन दिवसांत मोडणाऱ्या पदार्थांचाच तो आकडा असतो. सांडपाणी त्यात लख्ख दिसते. पाने, लाकूड, ह्यूमिक पदार्थ जवळजवळ दिसतच नाहीत. आटोपशीर आकड्यांविषयी माझा थोडा संशय आहे तो अशा कारणांमुळे.

आणखी एक गल्लत टाळावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन खूप घटतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून जगापुढे आले. ती घट मुख्यतः मोसमी वाऱ्यांमुळे खालून वर सरकणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याची आणि समुद्रातच वाढलेल्या प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) कुजण्याची आहे. तिचे खापर मिठीवर किंवा कोकणातल्या नद्यांवर फोडता येणार नाही.

प्रश्न : समुद्रातल्या पाण्यात किंवा गाळात सापडलेला कार्बन जमिनीवरच्या झाडाचा आहे की समुद्रातल्याच शेवाळाचा, हे ओळखतात कसे?
— रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी, दादर

उत्तर : सर्वांत भरवशाची खूण लिग्निन. ते समुद्रातले वनस्पतिप्लवक तयार करत नाहीत, त्यामुळे गाळात ते सापडले तर त्याचा उगम जमिनीवर किंवा तिवरांत, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. प्रयोगशाळेत त्याचे ऑक्सिडीकरण करून फिनॉल गटातली संयुगे मोजतात. त्यांच्यातल्या प्रमाणांवरून लाकूड की पान, सूचिपर्णी झाड की फुलझाड, आणि माल ताजा की बराच मोडलेला, याचाही अंदाज येतो.

दुसरी खूण कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे कार्बनच्याच कमी-अधिक वजनाच्या अणूंची. आंबा, साग, भात अशा बहुतेक वनस्पतींमध्ये कार्बन-१३चे प्रमाण मानक नमुन्यापेक्षा सुमारे २७ सहस्रांशांनी कमी असते. समुद्रातल्या प्लवकांत ते साधारण २० ते २२ सहस्रांशांनी कमी असते. इथवर सोपे आहे. पण ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका या पिकांचे प्रकाशसंश्लेषण वेगळ्या पद्धतीने चालते आणि त्यांच्यात ही घट १२-१३ सहस्रांशांचीच असते. रानातला पाला आणि ज्वारीच्या शेतातली माती एकत्र वाहून आली तर त्यांची सरासरी वीस-एकवीसवर येऊ शकते आणि शेतातला कार्बन बेमालूमपणे समुद्राचा वाटतो. नर्मदा आणि तापी यांच्यासारख्या, रान आणि शिवार दोन्ही धुऊन आणणाऱ्या नद्यांच्या गाळाबाबत म्हणूनच एकट्या समस्थानिकावर विसंबून निष्कर्ष काढू नये. लिग्निन, समस्थानिक आणि कार्बन-नत्र गुणोत्तर अशा तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. गुणोत्तरालाही मर्यादा आहेच, कारण कुजत्या पानावर जिवाणू चढले की त्यातले नत्र वाढते आणि जुने पान प्लवकाच्या जवळ गेल्यासारखे दिसते.

तिसरे साधन कार्बन-१४, म्हणजे काळानुसार घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, ज्यावरून पदार्थाचे वय काढतात. खोल समुद्रातल्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचे सरासरी वय अटलांटिकमध्ये सुमारे ४,००० आणि पॅसिफिकमध्ये सुमारे ६,००० वर्षे येते. नदीच्या गाळाचे वय या पद्धतीने काढताना एक अडचण अशी येते की काही नद्या जुन्या गाळाच्या खडकांतला अतिप्राचीन कार्बनही आणतात आणि वय खोटे वाढते. दख्खनचा पाषाण लाव्ह्याचा असल्याने त्यात असा कार्बन नगण्य असतो, म्हणून सह्याद्रीतून उतरणाऱ्या छोट्या नद्या या अभ्यासाला हिमालयातल्या नद्यांपेक्षा सोयीच्या आहेत. पुढे प्रबंधाला विषय शोधत असाल तर याचा अवश्य विचार करावा.

प्रश्न : पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर लाटांबरोबर फेस येतो, तो साबणाचा असतो का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा नुसत्या साबणाचा नसतो. प्लवक आणि पाने कुजताना सुटणारी प्रथिने आणि चिकट शर्करायुक्त पदार्थ पाण्याच्या पृष्ठभागाशी गोळा होतात, आणि फुटणाऱ्या लाटा त्यांत हवा मिसळून फेस करतात. जिथे एकही नाला नाही अशा किनाऱ्यांवरही खवळलेल्या समुद्रात तो येतो. शहरात त्यात डिटर्जंटची भर असू शकते. नैसर्गिक फेस पिवळट-तपकिरी आणि साबणाचा पांढराशुभ्र, असे सांगितले जाते, पण डोळ्यांनी केलेला हा निवाडा खात्रीचा नाही. त्यासाठी नमुना घेऊन मिथिलीन ब्ल्यू वापरून करायची रासायनिक चाचणी आहे. फेसात सेंद्रिय पदार्थ आणि त्यांच्याबरोबर जिवाणू खालच्या पाण्यापेक्षा दाट असतात. त्यामुळे जिथे नाल्याचे पाणी समुद्राला मिळते त्या टोकाला तरी लहान मुलांना त्यात खेळू देऊ नये.